उरलेल्या कामाची उघडी वही

खुल्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प दोन गोष्टी सर्वांसमोर उघड्या ठेवतो. एक म्हणजे प्रोग्रामचा सोर्स कोड. परवान्याच्या अटी पाळून तो कोणीही वाचावा, वापरावा, बदलावा, पुढे द्यावा. दुसरी म्हणजे अजून न झालेल्या कामांची यादी. कोणती चूक सापडली आहे, कोणती सोय हवी आहे, कोणते काम कोणी हाती घेतले आहे आणि कोणते नुसतेच पडून आहे, हे तिथे दिसते. लिनक्स, फायरफॉक्स, लिबरऑफिस यांच्याबद्दल बोलताना पहिल्या गोष्टीचा उल्लेख हमखास होतो. दुसरीकडे लक्ष कमी जाते. असा प्रकल्प वर्षानुवर्षे टिकतो की मध्येच बंद पडतो, हे मात्र बऱ्याच अंशी या यादीच्या अवस्थेवर ठरते.

कंपनीत काम वाटून देणारा साहेब असतो, सकाळची बैठक असते, शेजारच्या टेबलावर बसलेल्या सहकाऱ्याला विचारून अडचण सोडवता येते. खुल्या प्रकल्पात हात लावणारी माणसे वेगवेगळ्या देशांत राहतात. पुष्कळांना त्या कामाचा पगार नसतो, कोणाची हजेरी लागत नाही, परीक्षा किंवा नवी नोकरी आली की माणूस सहा महिने दिसेनासा होतो. नागपूरजवळच्या कामठीत रात्री अकराला लॅपटॉप उघडणाऱ्या विद्यार्थ्याला दुसऱ्या खंडातल्या मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, फोन लावून ‘आता मी काय करू?’ असे विचारता येत नाही. उत्तर आधीच लिहून ठेवलेले असावे लागते, आणि तेही प्रकल्पाची काहीच माहिती नसलेल्या माणसाला कळेल असे. म्हणून या क्षेत्रात बाकी कामाची नोंद हा व्यवस्थापनाचा कागद राहत नाही. अनोळखी माणसाला आत येण्याची ती वाट असते.

कोडमधल्या शेऱ्यापासून ट्रॅकरपर्यंत

नोंदीची सर्वांत जुनी रीत म्हणजे कोडमध्येच शेरा मारणे. प्रोग्रामर एखाद्या ओळीशेजारी ‘टूडू’ म्हणजे करायचे आहे, किंवा ‘फिक्समी’ म्हणजे दुरुस्त करायचे आहे, असे लिहून पुढे जातो. ही रीत आजही चालते. पण शेरा फक्त ती फाइल उघडणाऱ्यालाच दिसतो. तो कोणी लिहिला, का लिहिला, त्यावर नंतर काय ठरले, हे त्यातून समजत नाही.

एकट्याने काटेकोर नोंद ठेवण्याचे प्रसिद्ध उदाहरण डोनाल्ड नुथ यांचे. गणिती मजकुराच्या छपाईसाठी ‘टेक’ ही प्रणाली तयार करताना त्यांनी सापडलेल्या प्रत्येक चुकीची टिपणवही ठेवली आणि १९८९ मध्ये त्या चुकांवर एक दीर्घ लेखही प्रसिद्ध केला. टेकमधली नवी चूक दाखवणाऱ्याला ते बक्षिसाचा धनादेश देत. ती रक्कम वाढत जाऊन ३२७.६८ डॉलरवर स्थिरावली. आलेल्या तक्रारी ते काही वर्षांनी एकदम तपासतात. २०१४ आणि २०२१ मध्ये अशी तपासणी झाली, पुढची २०२९ साठी ठरवली आहे. मात्र ही शिस्त एका माणसाच्या हातातल्या, जवळजवळ पूर्ण झालेल्या प्रोग्रामला शोभते. शेकडो लोक रोज बदल करत असलेल्या प्रकल्पाला वेगळे साधन लागते.

ते साधन १९९० च्या दशकात आकाराला आले. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन हा लिनक्सचा वितरण-प्रकल्प सुरू केला आणि पुढच्याच वर्षी इयन जॅक्सन यांनी त्याच्यासाठी चुका नोंदवणारी प्रणाली लिहिली. ती ईमेलवर चालते. कोणीही तक्रार पाठवली की तिला क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाच्या पत्त्यावर लिहिलेले प्रत्येक पत्र त्याच नोंदीखाली जमा होते आणि काम झाले की त्याच क्रमांकाला ‘झाले’ असे कळवून नोंद बंद करता येते. पत्रव्यवहार सर्वांना वाचता येतो. या प्रणालीतल्या क्रमांकांनी दहा लाखांचा आकडा केव्हाच ओलांडला आहे.

१९९८ मध्ये नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला आणि मोझिला प्रकल्प उभा राहिला. त्याच वर्षी टेरी वाइसमन यांनी त्याच्यासाठी बगझिला तयार केले. ब्राउझरमध्ये उघडणारा अर्ज, त्यातल्या ठरलेल्या चौकटी, शोध घेण्याची सोय असा हा ट्रॅकर होता. पुढे लिनक्सच्या जगातल्या अनेक प्रकल्पांनी तोच उचलला. २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहबने पुढच्या वर्षी कोडच्या शेजारीच ‘इश्यू’ नोंदवण्याची सोय दिली. मग छोट्या प्रकल्पालाही स्वतःचा ट्रॅकर चालवण्याची गरज उरली नाही आणि ‘इश्यू टाकला’, ‘इश्यू क्लोज केला’ ही प्रोग्रामरांची रोजची भाषा झाली.

प्रत्येक प्रकल्प याच वाटेने गेला असे नाही. पोस्टग्रेसक्यूएल हा नावाजलेला डेटाबेस आजही चर्चा ईमेलवर करतो. सुचवलेले बदल, म्हणजे ‘पॅच’, राहून जाऊ नयेत म्हणून तिथे ‘कमिटफेस्ट’ भरवतात: वर्षातून ठरावीक वेळा, महिनाभर नवे लिखाण बाजूला ठेवून साचलेले पॅच तपासायचे. ज्याने स्वतःचा पॅच दिला आहे त्याने दुसऱ्याचाही एक तपासावा, अशी अपेक्षा असते. साधन वेगळे असले तरी हेतू तोच. आलेले काम कोणाच्या तरी नजरेसमोर राहिले पाहिजे.

स्पष्ट नोंद म्हणजे कशी

मराठी वाचकाला ओळखीचे उदाहरण फॉन्टचे आहे. ‘मराठी नीट दिसत नाही’ अशी तक्रार कोणी नोंदवली तर तिच्यावर काम करणे जवळजवळ अशक्य असते. कोणते अक्षर, कोणत्या शब्दात, कोणत्या प्रोग्राममध्ये, याचा पत्ताच लागत नाही. आता हीच तक्रार अशी लिहिली आहे असे समजू: ‘दऱ्या’ हा शब्द टंकला, ‘य’च्या आधी आडवा अर्धा र, म्हणजे ‘ऱ्य’, दिसायला हवा होता, प्रत्यक्षात रफार दिसला आणि शब्द ‘दर्या’ असा उमटला, फॉन्टची आवृत्ती अमुक, प्रोग्रामची आवृत्ती अमुक, सोबत पडद्याचे चित्र आणि तो एक शब्द असलेली छोटी फाइल.

दरी आणि समुद्र यांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही, पण मेंटेनरला मराठी येत असेलच असे नाही. ‘काय व्हायला हवे होते’ आणि ‘काय झाले’ ही दोन वाक्ये म्हणूनच नोंदीचा कणा असतात. तिसरी गरज पुन्हा करून पाहण्याच्या पायऱ्यांची असते. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. एखादा फॉन्ट एका रीतीला बरोबर रूप देईल आणि दुसरीकडे चुकेल. तक्रारदाराने शब्द नेमका कोणत्या कीबोर्डने टंकला हे लिहिले, तर शोध घेण्याचे पुष्कळ कष्ट वाचतात.

चूक फॉन्टचीच असेल असेही नाही. अक्षरांची जुळणी करण्याचे काम हार्फबझसारखे वेगळे इंजिन करते. फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस ही सगळी तेच वापरतात. त्यामुळे नोंद एका प्रकल्पातून दुसऱ्याकडे पाठवावी लागते. मोठ्या दवाखान्यात रुग्ण एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो तेव्हा केसपेपर त्याच्यासोबत जातो, म्हणून प्रत्येक डॉक्टरला पहिल्यापासून विचारपूस करावी लागत नाही. चांगली नोंद हेच काम करते. आधी काय तपासले, काय नाकारले, हे तिच्यात तारीखवार असते.

पुण्यात रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीच्या अभियंत्यांनी सांभाळलेल्या लोहित फॉन्टच्या बाबतीत असेच काम झाले. मॉड्युलर इन्फोटेक या पुण्याच्या कंपनीने घडवलेले हे फॉन्ट खुल्या परवान्याखाली आले आणि २०११ मध्ये त्यांना फॉन्टसाठीच लिहिलेला ओएफएल परवाना मिळाला. फेडोरासारख्या लिनक्सच्या वितरणांत ते वर्षानुवर्षे भारतीय भाषांचे मुख्य फॉन्ट होते. त्यांच्या चुका रेड हॅटच्या बगझिलात क्रमांकाने नोंदल्या जात. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो. एकाच देवनागरी फॉन्टने भाषा ओळखून योग्य रूप दाखवावे, ही अपेक्षाही कोणीतरी नेमक्या शब्दांत लिहून ठेवल्याशिवाय अभियंत्यापर्यंत पोहोचत नाही.

काही बाकी कामे प्रोग्रामच्या पातळीवर सुटतच नाहीत. मराठीतले ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. तोवर एखाद्या फॉन्टच्या ट्रॅकरवर ‘ॲ’ची मागणी आली असती, तरी तिला ‘वरून निर्णय येईपर्यंत थांबा’ असाच शेरा मिळाला असता. काम कशावर अडले आहे हे लिहिणे हा स्पष्ट नोंदीचाच भाग आहे. ते नसले तर तेच काम पुन्हा पुन्हा नवी माणसे हाती घेतात आणि त्याच भिंतीशी येऊन थांबतात.

चाळणी आणि क्रम

रोज येणाऱ्या नोंदी जशाच्या तशा साठवल्या तर यादी लवकरच निरुपयोगी होते. म्हणून प्रत्येक प्रकल्पात चाळणीचे काम असते. त्याला प्रोग्रामर ‘ट्रायाज’ म्हणतात. नवी नोंद वाचायची, तीच तक्रार आधी आली आहे का ते पाहायचे, असल्यास दोन्ही जोडून एक बंद करायची, माहिती अपुरी असेल तर विचारायची, चूक स्वतः करून बघायची आणि मग तिला योग्य लेबल लावायचे. हे काम करायला कोड लिहिता यावाच लागतो असे नाही, त्यामुळे नवख्या माणसासाठी ही चांगली सुरुवात ठरते.

लेबलांतही दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: चूक किती गंभीर आहे आणि ती किती लवकर सोडवायची आहे. डेबियनमध्ये गांभीर्याच्या सात पायऱ्या आहेत. वरच्या तीन पायऱ्यांवरच्या चुका नव्या आवृत्तीचा रस्ता अडवतात; त्या सुटल्याशिवाय किंवा ते पॅकेज बाजूला काढल्याशिवाय आवृत्ती बाहेर पडत नाही. सर्वांत खालची पायरी ‘इच्छा’ या प्रकारची: चूक नाही, पण असे असते तर बरे. या विभागणीमुळे आवृत्तीची तारीख कोणाच्या मर्जीवर राहत नाही. अडवणाऱ्या चुका किती उरल्या, हे कोणीही मोजू शकतो.

क्रम लावण्याचे दुसरे साधन ‘माइलस्टोन’. अमुक आवृत्तीत काय यायचे ते त्याखाली एकत्र येते आणि न जमणारे काम उघडपणे पुढच्या आवृत्तीकडे ढकलले जाते. तिसरे साधन नवख्यांसाठी राखून ठेवलेल्या छोट्या कामांचे. गिटहबवर त्यांना ‘गुड फर्स्ट इश्यू’ असे लेबल असते. असे लेबल लावताना मेंटेनरने कोणती फाइल बघायची, काम कुठे संपते, शंका कोणाला विचारायची, हे दोन-चार ओळींत लिहिणे अपेक्षित असते. नुसते लेबल लावून ठेवलेले काम नवख्याला तितकेच अनोळखी राहते.

काम कोणाकडे आहे, हाही प्रश्न वाटतो त्यापेक्षा नाजूक असतो. उत्साहाने ‘हे मी करतो’ असे लिहून माणूस गायब झाला, तर दुसरे कोणी त्याला हात लावत नाही. म्हणून पुष्कळ प्रकल्पांत काही आठवडे हालचाल दिसली नाही की नाव काढून काम पुन्हा मोकळे केले जाते. यात अपमान मानत नाहीत. नियम आधीच लिहिलेला असतो.

कामठीचा नकाशा

बाकी कामाची खुली नोंद फक्त प्रोग्रामपुरती नसते. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये सुरू केलेला ओपनस्ट्रीटमॅप हा जगाचा खुला नकाशा त्याच पद्धतीने वाढतो, आणि ही पद्धत समजून घ्यायला एखादे गाव पुरते.

कामठी हे नागपूरच्या ईशान्येला, कन्हान नदीकाठी, १८२१ मध्ये उभारलेल्या इंग्रजांच्या लष्करी छावणीभोवती वाढलेले शहर. रेल्वे आणि छावणीच्या कागदांवर इंग्रजीत त्याची एक वर्तनी, इतरत्र दुसरी. नकाशावर फक्त एक नाव घातले तर दुसऱ्या वर्तनीने शोधणाऱ्याला शहर सापडत नाही. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये यासाठी मुख्य नाव, मराठी नाव, इंग्रजी नाव, पर्यायी नाव अशा स्वतंत्र जागा असतात. त्यातली एखादी रिकामी असणे हेच बाकी काम; ते मशीनलाही शोधता येते आणि यादी करून समोर ठेवता येते.

२०१३ पासून या नकाशावर ‘नोट’ टाकण्याची सोय आहे. ज्याला नकाशा बदलता येत नाही तोही एखाद्या जागेवर टाचणी लावून ‘हा रस्ता आता एकेरी झाला’ किंवा ‘इथला दवाखाना दुसरीकडे गेला’ असे लिहू शकतो. टाचणी उघडी राहते, माहितगार नकाशाकार दुरुस्ती करतो, काय केले ते लिहितो आणि ती बंद करतो. चांगल्या टाचणीचे निकष फॉन्टच्या नोंदीसारखेच: नेमकी जागा, काय चुकले आहे, हे स्वतः पाहिले की ऐकले, आणि केव्हा. ‘कामठीचा नकाशा चुकीचा आहे’ अशी टाचणी शहराच्या मध्यभागी लावून ठेवली तर ती वर्षानुवर्षे तशीच राहील.

प्रोग्रामर कोडमध्ये जसा ‘फिक्समी’ लिहितो तसाच नकाशाकार एखाद्या रस्त्याला तोच शेरा जोडतो: आकार उपग्रहचित्रावरून काढला आहे, नाव जागेवर जाऊन पाहायचे आहे. स्ट्रीटकम्प्लीट नावाचे अँड्रॉइड ॲप अशा रिकाम्या जागांचे प्रश्न करून रस्त्यावरच्या माणसाला विचारते. हा रस्ता डांबरी आहे की काँक्रीटचा, दुकान किती वाजता उघडते? उत्तर थेट नकाशात जाते आणि प्रश्न यादीतून निघून जातो.

झालेले, होत असलेले आणि ठरलेले काम वेगळे दाखवण्याचा प्रश्न कामठीत अगदी समोर आहे. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. त्यातली एक मार्गिका ऑटोमोटिव्ह चौकातून कामठीमार्गे कन्हान नदीकडे जाते. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रस्तावित, बांधकाम चालू असलेला आणि चालू झालेला लोहमार्ग यांच्या खुणा निराळ्या असतात. खांब उभे राहिले म्हणून स्टेशन सुरू झाल्यासारखे दाखवले, तर वाट शोधणारे ॲप प्रवाशाला न धावणाऱ्या गाडीकडे पाठवील. नोंदीतली अवस्था खरी असणे किती महत्त्वाचे आहे, हे यातून स्पष्ट होते.

रिकामी जागा दिसली म्हणजे प्रत्येक वेळी काम बाकी आहे असेही मानायचे नसते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये भू-स्थानिक माहितीचे नियम पुष्कळ सैल केले, तरी संवेदनशील ठिकाणांविषयीची काही माहिती नकाशावर दाखवण्यावर बंधन ठेवले. कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल केंद्र आहे. अशा ठिकाणी ‘हे मुद्दाम भरलेले नाही’ ही समजूत प्रकल्पात सर्वांना ठाऊक असावी लागते. नाहीतर उत्साही नवखा तीच पोकळी भरायला बसतो.

मोठे काम असेल तेव्हा जागाच तुकड्यांत वाटतात. ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीमचा टास्किंग मॅनेजर पूरग्रस्त किंवा भूकंपग्रस्त प्रदेशाचे चौकोन पाडतो. एका चौकोनावर एक जण बसला की तो इतरांसाठी कुलूपबंद होतो. काम झाले की रंग बदलतो. दुसऱ्या अनुभवी माणसाने तपासल्यावर पुन्हा बदलतो. शेकडो अनोळखी माणसे एकमेकांच्या कामावर काम न करता एकाच वेळी नकाशा काढू शकतात, ती या रंगांच्या आधारावर.

वाक्यावाक्याचा हिशेब

भाषांतरात बाकी कामाची नोंद सर्वांत बारीक होते. खुल्या प्रोग्रामांत पडद्यावर दिसणारे प्रत्येक वाक्य कोडपासून वेगळे काढून एका फाइलीत ठेवतात; जीएनयू प्रकल्पाच्या गेटटेक्स्ट या साधनाने ही पद्धत रूढ केली. मूळ इंग्रजी वाक्याखालची जागा रिकामी असेल तर भाषांतर बाकी. भरलेली असेल तर झाले. तिसरी अवस्था ‘फझी’: मूळ वाक्य नंतर बदलले, जुने मराठी वाक्य जवळपास जुळते, पण माणसाने पाहिल्याशिवाय ते वापरायचे नाही. अर्धवट आणि शंकास्पद कामाला वेगळे नाव दिल्यामुळे चुकीचे वाक्य पडद्यावर जात नाही आणि जुनी मेहनतही वाया जात नाही.

ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. त्याआधी ठरलेल्या दिवसापासून मूळ वाक्ये गोठवली जातात, म्हणजे भाषांतरकारांना हलत्या मजकुरामागे धावावे लागत नाही. किमान ८० टक्के वाक्ये झाली की ती भाषा ‘समर्थित’ म्हणून जाहीर होते. प्रत्येक भाषेची टक्केवारी खुली असल्याने मराठीत काय उरले आहे हे कोणालाही दिसते. फायरफॉक्ससाठी पोंटून आणि विकिपीडियामागच्या मीडियाविकी या प्रोग्रामसाठी ट्रान्सलेटविकी ही संकेतस्थळे हेच करतात. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची बटणे आणि सूचना अशा यादीतूनच मराठीत आल्या.

इथेही आकडा सगळे सांगत नाही. ‘ओपन’ या शब्दाचे मराठी ‘उघडा’ करायचे की ‘उघडे’, हे तो हुकूम आहे की अवस्था यावर ठरते. भाषांतरकाराला ते एकट्या शब्दावरून कळत नाही. मग तो प्रोग्रामरकडे नोंद टाकतो, प्रोग्रामर त्या वाक्याला संदर्भाची ओळ जोडतो आणि इतर सर्व भाषांचाही प्रश्न सुटतो.

मुंबईत पवईच्या आयआयटीत चालणाऱ्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने हीच शिस्त शिकवणीच्या चित्रफितींना लावली. खुले सॉफ्टवेअर शिकवणारी दहा-एक मिनिटांची चित्रफीत तयार होताना आधी आराखडा, मग संहिता, मग ध्वनिचित्रमुद्रण असे टप्पे पडतात. संहिता विषय न जाणणाऱ्या नवख्याकडून वाचून घेतली जाते. नंतर विषयाच्या जाणकाराची आणि गुणवत्तेची तपासणी होते. इंग्रजी संहिता पक्की झाली की मराठीसह भारतीय भाषांत तिचे भाषांतर आणि ध्वनिमुद्रण सुरू होते. एखादी चित्रफीत कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या तपासणीसाठी थांबली आहे, हे प्रकल्पाची प्रणाली दाखवते. त्याच संस्थेतल्या फॉसी प्रकल्पात विद्यार्थी अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे खुल्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून देतात. तिथेही झालेल्या आणि चालू असलेल्या पुस्तकांच्या याद्या खुल्या असतात, त्यामुळे एकाच पुस्तकावर दोघे बसत नाहीत. नागपूरच्या किंवा कामठीच्या महाविद्यालयातल्या मुलाला मुंबईत कोणाची ओळख नसताना काम मिळते, ते या याद्यांमुळे.

वही बिघडते तेव्हा

यादी उघडी असली की ती वाढत जाते आणि मेंटेनर मात्र तेवढेच राहतात. हजारो नोंदी साचल्या की त्यांतले काय खरे, काय जुने, हे ओळखता येत नाही. काही प्रकल्पांनी त्यावर स्वयंचलित उपाय काढला: ठरावीक दिवस कोणी काही लिहिले नाही तर बॉट इशारा देतो आणि नोंद बंद करतो. यादी आटोपशीर दिसते, पण चूक तशीच राहते आणि कष्टाने नोंद लिहिणारा दुखावतो. जेमी झाविन्स्की या प्रोग्रामरने २००३ मध्ये याच प्रकारावर कडवट टीका केली होती: नव्याने सगळे लिहून काढायचे आणि जुन्या तक्रारी न वाचताच बंद करायच्या. याहून बरा मार्ग म्हणजे ‘हे आम्ही करणार नाही’ असे कारणासह सांगणे. बगझिलात त्यासाठी स्वतंत्र निकाल होता. नकार वाईट वाटला तरी वाट पाहणे संपते आणि इच्छुकाला वेगळी वाट धरता येते.

साचलेले काम हे दबावाचे हत्यारही होऊ शकते. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचा एकच मेंटेनर होता. पॅच पडून राहिल्याची तक्रार करणारी पत्रे येत गेली, मदतीला तयार असलेल्या एका नव्या सहकाऱ्याकडे हळूहळू अधिकार गेले आणि त्याच नावाने कोडमध्ये चोरदरवाजा बसवला गेला. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला लागणारा किंचित जास्त वेळ खटकला आणि प्रकार उघड झाला. जगभरच्या सर्व्हरांचा आधार असलेल्या प्रकल्पात काम किती बाकी आहे याइतकेच ते करायला माणसे किती आहेत, हेही उघडपणे दिसायला हवे, हे त्यानंतर अनेकांच्या लक्षात आले. अलीकडे या ओझ्यात नव्या प्रकारची भर पडली आहे. कर्ल या साधनाचे मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२४ पासून जाहीरपणे मांडले की एआयने लिहिलेल्या, ऐटदार पण पोकळ तक्रारी तपासण्यात खरा वेळ जातो.

उघडेपणाला एक अपवाद सगळेच मानतात: सुरक्षेची चूक. तिची नोंद दुरुस्तीआधी सर्वांना दिसली तर चोरालाच मदत होते. म्हणून ती खासगी कळवण्याचा वेगळा पत्ता असतो आणि झाकून ठेवण्याला मुदत असते. लिनक्सच्या वितरकांच्या बंद गटात ही मुदत जास्तीत जास्त १४ दिवस, गूगलच्या प्रोजेक्ट झीरोकडे सर्वसाधारणपणे ९० दिवस. भारतात सर्ट-इन ही सरकारी यंत्रणा अशा चुका स्वीकारते. दुरुस्ती बाहेर पडली की नोंद खुली होते.

ट्रॅकर बदलतानाही वही फाटण्याचा धोका असतो. विकिमीडियाने २०१४ मध्ये बगझिला सोडून फॅब्रिकेटर घेतले, ग्नोम २०१८ मध्ये गिटलॅबवर गेला, पायथनने २०२२ मध्ये आपल्या नोंदी गिटहबवर नेल्या. कोडमधल्या जुन्या शेऱ्यांत जुने क्रमांक असतात. ते नव्या जागी पोहोचले नाहीत, तर अमुक ओळ तशी का लिहिली याचे कारणच हरवते. म्हणून अशा स्थलांतरात जुने क्रमांक आणि जुनी चर्चा वाचता येईल अशी ठेवण्यावर बराच वेळ खर्च होतो.

नोंद बंद करणे

काम संपले हे ठरवण्याचीही रीत आहे. बदल पाठवताना प्रोग्रामर त्याच्या वर्णनात नोंदीचा क्रमांक लिहितो. तपासणी होऊन बदल मुख्य कोडमध्ये गेला की गिटहब, गिटलॅबसारख्या ठिकाणी नोंद आपोआप बंद होते आणि दोन्हींकडे एकमेकांचा दुवा राहतो. शिवाय ती चूक पुन्हा आली तर लगेच कळावी म्हणून एक छोटी चाचणी जोडली जाते. ‘दऱ्या’ हा शब्द अशा चाचणीत एकदा गेला की पुढची प्रत्येक आवृत्ती बाहेर पडण्याआधी तो बरोबर उमटतो का ते मशीन पाहते. नव्या आवृत्तीसोबतच्या टिपणात सुटलेल्या नोंदींची यादी येते, त्यामुळे तक्रार करणाऱ्याला आपली अडचण गेली की नाही हे कळते. गेली नसेल तर तीच नोंद पुन्हा उघडता येते.

बंद झालेली नोंद पुसत नाहीत. पाच वर्षांनी दुसऱ्या कोणाला तसाच प्रश्न पडतो तेव्हा शोधात तीच पहिल्यांदा सापडते; काय करून पाहिले, काय चालले नाही, शेवटी कोणता निर्णय का घेतला, हे तिच्यात असते. खुल्या प्रकल्पांत हस्तपुस्तिका अनेकदा अपुरी किंवा जुनी असते. अशा वेळी नवा मेंटेनर प्रकल्प शिकतो तो मुख्यतः या मिटलेल्या नोंदी वाचून.